आंतरराष्ट्रीय गोल कशास म्हणावे? सुनील छेत्रीच्या विक्रमाच्या निमित्ताने

प्रास्ताविक

ऑक्टोबर २०२१ मध्ये मालदीवची राजधानी माले येथे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची अर्थात सॅफ करंडक स्पर्धा झाली. त्या पंधरवड्यात भारतीय वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर दोन ठळक मथळे झळकले. १० ऑक्टोबर रोजी नेपाळविरुद्ध गोल करून सुनील छेत्रीने राष्ट्रीय संघासाठी ७७ गोलांचा टप्पा गाठला तेव्हा 'छेत्रीची पेलेशी बरोबरी' असा पहिला मथळा होता. १६ ऑक्टोबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा नेपाळविरुद्धच त्याने ८०वा गोल नोंदविला, तेव्हा 'छेत्री मेस्सीच्या पंक्तीत' असा दुसरा मथळा आला. दोन्ही मथळे अंकगणिताच्या दृष्टीने बरोबर होते. तरीही ते वाचताना सुजाण वाचक काहीसा अवघडला असणार. एका बाजूस अभिमान, तर दुसऱ्या बाजूस ही तुलना कोठेतरी चुकते आहे अशी शंका, असा तो दुहेरी अनुभव होता.

प्रस्तुत लेखाचा विषय ही शंकाच आहे. राष्ट्रीय संघासाठी केलेल्या गोलांचा विक्रम म्हणजे नेमके काय, तो कोण मोजतो, कोणत्या निकषांवर मोजतो, आणि मोजून झाल्यावर त्या आकड्यातून काय वाचावयाचे, या प्रश्नांचा येथे विचार केला आहे. आधारासाठी प्रामुख्याने छेत्रीचे उदाहरण घेतले आहे. शारीरिक शिक्षण, संख्याशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना या प्रश्नात आपापला भाग सापडेल असे वाटते. लेखनाचे तात्कालिक निमित्त मात्र साधेच होते. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्प अहवालात पेलेचे गोल एका पानावर ७७, तर पुढील प्रकरणात ९५ दिले होते. प्रस्तुत लेखकाने प्रथम ती निष्काळजीची चूक समजून लाल शाईने खूण केली. नंतर पडताळणी करता दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असल्याचे आढळले, आणि खूण मागे घ्यावी लागली.

एकाच खेळाडूचे दोन आकडे

पेलेचे ७७ गोल हे ९२ अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांतील आहेत. फिफा हाच आकडा मानते. ब्राझीलचा फुटबॉल महासंघ मात्र राष्ट्रीय संघाची जर्सी घालून पेले जे जे सामने खेळला ते सारे मोजतो. त्यांत परदेशी क्लब आणि निवडक संघ यांच्याविरुद्धचे सामनेही येतात, आणि बेरीज ९५ होते. हा भेद दीर्घकाळ केवळ जाणकारांच्या चर्चेचा विषय होता. ८ सप्टेंबर २०२३ रोजी बेलेम येथे बोलिव्हियाविरुद्ध दोन गोल करून नेमार ७९ वर पोहोचला, तेव्हा तो उघड्यावर आला. फिफाच्या लेखी त्या रात्री ब्राझीलचा विक्रम मोडला. महासंघाच्या लेखी नेमार अद्याप सोळा गोलांनी मागेच होता.

दोहोंपैकी कोणाचे खरे, असा प्रश्न विचारणे फारसे उपयोगाचे नाही. पन्नास-साठच्या दशकांत राष्ट्रीय संघाने युरोपात जाऊन एखाद्या बलाढ्य क्लबशी खेळणे ही तत्कालीन फुटबॉलमधील रूढ आणि प्रतिष्ठेची गोष्ट होती. प्रेक्षक तिकीट काढून येत, खेळाडू पूर्ण ताकदीने खेळत. आज राष्ट्रीय संघ क्लबविरुद्ध क्वचितच, आणि तोही सरावापुरताच खेळतो, म्हणून आपणास ते सामने दुय्यम वाटतात. म्हणजे निकष नंतर ठरला आणि तो मागील काळास लावण्यात आला. इतिहासाच्या अध्यापकांना हा प्रकार अपरिचित नसावा.

इराणच्या अली दाईचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. त्याच्या नावावर १०९ गोल आहेत असे वर्षानुवर्षे छापले गेले. २३ जून २०२१ रोजी बुडापेस्ट येथे फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी गोल करून क्रिस्तियानो रोनाल्डोने १०९ची बरोबरी साधली आणि १ सप्टेंबर २०२१ रोजी आयर्लंडविरुद्ध हा विक्रम मोडला. जगभर सप्टेंबरमध्येच जल्लोष झाला. पुढे दाईच्या नोंदींची फेरतपासणी होऊन एक सामना वगळण्यात आला, आणि अलीकडील अनेक याद्या त्याचे गोल १०८ दाखवितात. हा आकडा ग्राह्य धरल्यास विक्रम वस्तुतः जूनमध्येच, बुडापेस्टला, मोडला होता. त्या रात्री मैदानावरील कोणासही त्याची कल्पना नव्हती.

अधिकृत सामन्याची लक्षणे

आंतरराष्ट्रीय गोल मोजण्याचा प्रश्न हा मुळात आंतरराष्ट्रीय सामना कशास म्हणावे याचा प्रश्न आहे. ढोबळमानाने दोन्ही संघ आपापल्या देशाचे सर्वोच्च, म्हणजे ज्यास 'अ' संघ म्हणतात ते असावे लागतात. दोन्ही महासंघांना मान्यता असावी लागते. आणि सामना खेळाच्या नियमांनुसार झालेला असावा लागतो. सामन्यातील पेनल्टी गोलात धरली जाते. बरोबरीनंतर विजेता ठरविण्यासाठी मारलेल्या पेनल्टी धरल्या जात नाहीत. इतके सारे सरळ वाटते. अडचण प्रत्येक लक्षणाच्या सीमेवर येते.

नियमांचे लक्षण घेऊ. मैत्रीपूर्ण सामन्यांत प्रशिक्षक वाटेल तितके बदली खेळाडू उतरवीत असत. फेब्रुवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडने मध्यंतरास संपूर्ण अकराच्या अकरा खेळाडू बदलले. त्यास आंतरराष्ट्रीय सामना म्हणावे की दोन निरनिराळ्या संघांचा अर्धा अर्धा सराव, हा प्रश्न तेव्हा रास्तपणे विचारला गेला. २००४ मध्ये मैत्रीपूर्ण सामन्यांत बदली खेळाडूंची संख्या सहावर मर्यादित करण्यात आली. या नियमाची किंमत दहा वर्षांनी बेल्जियमच्या रोमेलु लुकाकूने मोजली. मे २०१४ मध्ये लक्झेंबर्गविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक केली. बेल्जियमने सामना ५-१ असा जिंकला. पण त्यांच्या प्रशिक्षकांनी सहाऐवजी सात बदली खेळाडू खेळविले, आणि फिफाने त्या सामन्याचा अधिकृत दर्जा काढून घेतला. लुकाकूचे तीनही गोल नोंदवहीतून गेले. चेंडू जाळ्यात गेला होता, पंचांनी शिट्टी वाजविली होती, प्रेक्षकांनी टाळ्याही दिल्या होत्या. गोल झाला तो केवळ मैदानावर.

संघाच्या दर्जाचे लक्षण याहून अवघड आहे, आणि भारताचा संबंध तेथेच अधिक येतो. ऑलिम्पिकमध्ये १९९२ पासून आणि आशियाई क्रीडा स्पर्धांत २००२ पासून पुरुषांचा फुटबॉल हा २३ वर्षांखालील खेळाडूंसाठी असतो, मोजके वयस्क खेळाडू अपवाद म्हणून घेता येतात. २०२३ साली झालेल्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत एकोणचाळीस वर्षांचा छेत्री असा अपवाद म्हणून खेळला. बांगलादेश आणि म्यानमार यांच्याविरुद्ध त्याने एकेक गोल केला. जर्सी भारताची, राष्ट्रगीत भारताचे, बांगलादेशविरुद्धचा विजयही त्याच्याच गोलाने मिळालेला. परंतु त्याच्या आंतरराष्ट्रीय खात्यात त्या दोन गोलांची नोंद नाही. उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. २०१२ च्या नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने कॅमेरूनला २-२ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर हरविले. विजय साजरा झाला. मात्र कॅमेरूनने पाठविलेला संघ त्यांचा पहिल्या फळीचा नव्हता. एका बाजूने राष्ट्र खेळत आहे आणि दुसऱ्या बाजूने त्या राष्ट्राचे केवळ नाव, अशा सामन्याचे वर्गीकरण करताना नोंदकारांमध्ये मतभेद झाल्यास नवल नाही.

छेत्रीच्या विक्रमाची घडण

आता मूळ उदाहरणाकडे वळू. छेत्रीचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल १२ जून २००५ रोजी क्वेट्टा येथे, पाकिस्तानविरुद्ध, पदार्पणाच्याच सामन्यात झाला. २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर ताजिकिस्तानविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक केली. हा सामना ४-१ ने जिंकल्यामुळे भारत २०११ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरला. भारत १९८४ नंतर प्रथमच तेथे पोहोचत होता. पुढील हॅट्ट्रिक महाराष्ट्रात झाली. ८ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात व्हिएतनामविरुद्ध भारताने ३-१ असा विजय मिळविला, आणि तीनही गोल छेत्रीचे होते. आपल्या राज्यातील कित्येक क्रीडाप्रेमींना ही गोष्ट ठाऊकही नसते, याचा उल्लेख येथे ओघाने करावासा वाटतो.

जून २०१८ मधील आंतरखंडीय चषक स्पर्धेत मुंबईत जे घडले ते मात्र सर्वांच्या स्मरणात आहे. अंधेरीच्या मैदानावर चिनी तैपेईविरुद्ध छेत्रीने तिसरी हॅट्ट्रिक केली तेव्हा प्रेक्षक जेमतेम अडीच हजार होते. दुसऱ्या दिवशी त्याने ध्वनिचित्रफितीद्वारे लोकांना हात जोडून विनंती केली: आमच्यावर टीका करा, हवी तर शिवीगाळ करा, पण मैदानावर येऊन करा. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना, जो त्याचा शंभरावा होता, त्याची सर्व तिकिटे संपली. त्यात त्याने दोन गोल केले. न्यूझीलंडविरुद्ध एक, आणि १० जून रोजी पुन्हा केनियाविरुद्ध अंतिम सामन्यात दोन. चार सामन्यांत आठ गोल करून तो ६४ वर, त्या वेळच्या मेस्सीच्या बरोबरीस आला.

यानंतरचा आलेख वेगाने वर जातो. जून २०२१ मध्ये बांगलादेशविरुद्ध दोहा येथे दोन गोल करून तो ७४ वर गेला. २०२१ च्या सॅफ स्पर्धेनंतर ८०, आणि जून २०२२ मध्ये कोलकात्यातील आशिया चषक पात्रता फेरीअखेर ८४. हंगेरीच्या फेरेन्क पुश्कासचा आकडा हाच. जून २०२३ मध्ये बंगळुरूच्या सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध चौथी हॅट्ट्रिक झाली आणि मलेशियाच्या मोख्तार दाहारीचा ८९ गोलांचा टप्पा मागे पडला. २६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत आपल्या दीडशेव्या सामन्यात अफगाणिस्तानविरुद्ध पेनल्टीवर त्याने ९४वा गोल केला. तो सामना भारत १-२ ने हरला. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध गोलशून्य बरोबरीत त्याने निवृत्ती पत्करली, तेव्हा पुरुषांच्या सार्वकालिक यादीत रोनाल्डो, मेस्सी आणि दाई हे तिघेच त्याच्या पुढे होते.

येथे 'पुरुषांच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. वृत्तपत्रे तो सहसा गाळतात. कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरने २०२३ अखेर निवृत्त होईपर्यंत १९० आंतरराष्ट्रीय गोल केले. अमेरिकेच्या अॅबी वॉम्बॅकचे १८४ आहेत. 'जगात सर्वाधिक' असे विशेषण वापरताना या दोघींचा विसर पडणे ही केवळ भाषिक चूक नव्हे.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

छेत्रीच्या विक्रमावरील सर्वांत प्रचलित आक्षेप असा की त्याचे गोल दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध आहेत. आक्षेप निराधार नाही. सॅफ स्पर्धांतच त्याचे २३ गोल आहेत. नेपाळ, मालदीव, बांगलादेश, पाकिस्तान ही नावे त्याच्या यादीत पुनःपुन्हा येतात. जपान, इराण किंवा ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्ध त्याचा एकही गोल नाही. विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तर त्याचा देश त्याच्या हयातीत खेळलाच नाही.

परंतु हा आक्षेप घेताना तोच निकष इतरांनाही लावावा लागेल. रोनाल्डोने एकट्या लक्झेंबर्गविरुद्ध दहाहून अधिक गोल केले आहेत. ५ जून २०२२ रोजी मेस्सीने एस्टोनियाविरुद्ध पाच गोल केले, आणि त्याचा शंभरावा गोल २०२३ मध्ये कुरासावविरुद्धच्या ७-० विजयातील होता. दाईचा शंभरावा गोल २००४ मध्ये लाओसविरुद्ध झाला. त्याच दाईने १९९६ च्या आशिया चषकात दक्षिण कोरियाविरुद्ध एकाच सामन्यात चार गोल केले होते, हे मात्र कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसनने एप्रिल २००१ मध्ये अमेरिकन सामोआविरुद्ध एका सामन्यात तेरा गोल केले. निकाल ३१-० असा होता; धावफलकाने तर एक गोल अधिक दाखविला होता, तो नंतर दुरुस्त करावा लागला. पारपत्राच्या अडचणीमुळे अमेरिकन सामोआचे बहुतेक नेहमीचे खेळाडू त्या सामन्यात नव्हते. तरी नियमांच्या चौकटीत ते तेराही गोल अधिकृत आहेत, आणि लुकाकूचे तीन नाहीत.

याचा अर्थ दर्जा मोजू नये असा नाही. दर्जा मोजण्याचे साधन गोलांची बेरीज नव्हे, इतकेच. बेरीज ही सर्व गोलांना समान मानते. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील गोल आणि सरावसामन्यातील सातवा गोल तिच्या लेखी एकच. सरासरी काढली तरी हा दोष जात नाही, उलट नवा येतो. निवृत्तीच्या वेळी छेत्रीची सरासरी सामन्यामागे ०.६२ होती. पेलेची ०.८४, पुश्कासची ८५ सामन्यांत ८४ गोल म्हणजे ०.९९, आणि पश्चिम जर्मनीच्या गेर्ड म्युलरची ६२ सामन्यांत ६८ गोल म्हणजे १.१०. पुश्कास हंगेरीच्या ज्या संघात खेळला तो त्या काळी जगातील सर्वोत्तम होता. म्युलर एकोणतिसाव्या वर्षीच राष्ट्रीय संघातून बाजूस झाला. छेत्री चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत खेळला. भिन्न लांबीच्या कारकिर्दींच्या सरासऱ्या शेजारी शेजारी मांडणे हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही खटकावे.

प्रस्तुत लेखकाच्या मते छेत्रीच्या बाबतीत अधिक बोलका आकडा वेगळा आहे, तो म्हणजे संघाच्या एकूण गोलांत त्याचा वाटा. २०११, २०१९ आणि २०२३ च्या (प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या) आशिया चषकांत मिळून भारताने सात गोल केले. पैकी छेत्रीचे चार. २०१८ च्या आंतरखंडीय चषकात अकरापैकी आठ. २०२१ च्या सॅफ स्पर्धेत आठपैकी पाच. २०२२ च्या पात्रता फेरीत आठपैकी चार. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत पुन्हा आठपैकी पाच. या स्पर्धांची एकत्रित बेरीज केल्यास ४२ पैकी २६ गोल, म्हणजे सुमारे ६२ टक्के, एकट्याचे भरतात. येथे त्याची सरासरी आणि त्याच्या संघातील वाटा हे दोन्ही जवळपास सारख्याच आकड्यावर येतात, हा निव्वळ योगायोग. पण पहिला आकडा खेळाडूविषयी सांगतो, दुसरा देशाविषयी.

देशाविषयीची ही माहिती सुखद नाही. २०२४ या वर्षात भारताने अकरा सामने खेळले. त्यांत एकही विजय मिळाला नाही, आणि सर्व मिळून चार गोल झाले. त्यांपैकी एक निवृत्त होणाऱ्या छेत्रीचा. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला निवृत्तीतून परत बोलाविण्यात आले. १९ मार्च रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्ध भारत ३-० ने जिंकला, आणि त्यात छेत्रीचा ९५वा गोल होता. वृत्तपत्रांनी पुनरागमनाचे कौतुक केले. कौतुकास तो पात्रच होता. पण १४० कोटींच्या देशास गोलासाठी चाळिशीतील निवृत्त खेळाडूकडे परतावे लागले, ही बातमी त्या कौतुकाच्या आत दडलेली होती आणि ती फार थोड्यांनी वाचली.

दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या आक्षेपाची आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय संघ दुबळा असण्याचा लाभ छेत्रीला झाला असे म्हणणारे, त्याची त्याला पडलेली किंमत विसरतात. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबशी त्याचा करार ठरला होता. ब्रिटनने त्यास काम करण्याचा परवाना नाकारला, कारण भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तर देशांत नव्हता. मार्च २०१५ मध्ये तर भारत १७३ व्या स्थानावर होता. म्हणजे ज्या क्रमवारीमुळे त्याच्या गोलांचे मोल कमी धरले जाते, तिनेच त्याला अधिक कठीण गोल करण्याची संधी नाकारली. संघाचा दर्जा आणि खेळाडूचा दर्जा यांची गाठ इतकी घट्ट आहे की बेरजेच्या एका आकड्याने ती सोडविता येत नाही.

पूर्वसूरींच्या हरवलेल्या नोंदी

छेत्रीचे ९५ गोल आपण दिनांक, स्थळ आणि प्रतिस्पर्धी यांसह सांगू शकतो, कारण तो इंटरनेटच्या युगात खेळला. त्याच्या आधीच्या पिढीबद्दल हे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आय. एम. विजयन यांचे आंतरराष्ट्रीय गोल कोठे ४० दिलेले आढळतात, तर कोठे तिशीच्या आत. बायचुंग भुतिया यांची गोष्ट याहून विचित्र आहे. २०१८ मध्ये छेत्री शंभर सामन्यांवर पोहोचला तेव्हा वृत्तपत्रांनी त्यास 'भुतियानंतरचा दुसरा भारतीय' म्हटले. अलीकडच्या सांख्यिकीय याद्या मात्र भुतियांचे अधिकृत सामने ऐंशीच्या आसपास दाखवितात. म्हणजे ज्याला दुसरा म्हणून गौरविले तो वस्तुतः पहिला ठरतो. भुतियांनी ते सामने खेळलेच नाहीत असा याचा अर्थ नव्हे. अधिकृत कोणते, अनधिकृत कोणते याची वेळीच नोंद झाली नाही, आणि दोष खेळाडूच्या माथी आला.

मागे जावे तसतसा हा अंधार दाट होतो. त्यातील एक नाव गोव्याशी आणि मुंबईशी निगडित आहे. नेव्हिल डिसोझा यांचा जन्म गोव्यातील आसगावचा, आणि फुटबॉल मुंबईतील टाटांच्या संघात बहरला. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ४-२ असा विजय मिळविला, त्यात डिसोझा यांनी हॅट्ट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच होता, पुढे भारत १-४ ने हरला. स्पर्धेअखेर चार गोलांसह ते सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिले होते. भारत चौथा आला. फुटबॉलमध्ये ऑलिम्पिक पदकाच्या इतक्या जवळ आपण त्यानंतर कधी गेलो नाही.

आता डिसोझा यांचे आंतरराष्ट्रीय गोल किती? १९५६ चे ऑलिम्पिक सामने काही याद्या पूर्ण आंतरराष्ट्रीय मानतात, काही हौशी खेळाडूंची स्पर्धा म्हणून बाजूस ठेवतात. पहिली यादी उघडल्यास जपानला किंवा इराणला नव्हे, तर ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच भूमीवर तीन गोल करणारा आघाडीपटू दिसतो. दुसरी उघडल्यास ते तीन गोल नाहीसे होतात. सत्तर वर्षांत छेत्रीसह एकाही भारतीयास ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघाविरुद्ध आशिया चषकात जे जमले नाही, ते मोजायचे की नाही हे अशा रीतीने यादी करणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

मुंबईपुरते बोलायचे तर हे काम अशक्य नाही. रोव्हर्स चषक १८९१ पासून या शहरात खेळला गेला. तत्कालीन दैनिकांची क्रीडापृष्ठे ग्रंथालयांत आणि सूक्ष्मफितींवर उपलब्ध आहेत. भारतीय संघाच्या प्रत्येक सामन्याचा दिनांक, दोन्ही संघांची नावे, गोल करणारे खेळाडू आणि बदली खेळाडूंची संख्या इतक्या पाच रकान्यांचा तक्ता एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास आणि शारीरिक शिक्षण विभागांनी मिळून दोन उन्हाळी सुट्ट्यांत करता येईल. तक्त्यात 'अधिकृत' असा सहावा रकाना मात्र आधी भरू नये. तो शेवटी भरावा, आणि कोणत्या निकषाने भरला ते समासात लिहावे. म्हणजे निकष बदलला तरी डिसोझा यांचे तीन गोल जागच्या जागी राहतील.